बिनबोलावलेले सारथी

'ड्रायव्हर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.च्या चाकामागे बसलेली खाकी मूर्ती उभी राहते. एका गाडीला एक ड्रायव्हर, हा आपला साधा हिशेब. परंतु घरातल्या टेबलावरच्या संगणकाचा मामला निराळा आहे. ते यंत्र जागचे तसूभरही हलत नाही आणि तरी त्याला ड्रायव्हर लागतात. तेही एक-दोन नव्हेत, शेकडो! सकाळी आपण बटण दाबतो, चहाचे आधण ठेवून परत येतो, तेवढ्या अवधीत हे सारथी आपापल्या जागी येऊन बसलेले असतात. बहुतेक सारे कामाचे असतात. पण त्या घोळक्यात एखादा असाही असतो, की ज्याला कोणी बोलावलेले नसते, ज्याचे घरात काही काम उरलेले नसते आणि तरीही तो रोज न चुकता दार वाजवतो. कधी तो पडद्यावर इंग्रजी सूचना झळकवतो, कधी यंत्राचे उठणे लांबवतो, कधी कोपऱ्यात गुपचूप बसून राहतो.

या पाहुण्याचे काय करायचे? गेली बरीच वर्षे मित्रांची आणि शेजाऱ्यांची यंत्रे तपासण्याचा मला छंद आहे. त्यात माझ्या असे ध्यानात आले आहे, की अशा प्रसंगी माणसे दोनच गोष्टी करतात. एक तर सूचना मिटवून पुढे जातात, नाही तर रागाच्या भरात ती फाइलच पुसून टाकतात. दोन्ही मार्ग वाईट. दुसरा अधिक वाईट. यांच्यामधला तिसरा मार्ग सोपा आहे, पण त्याला थोडा धीर लागतो.

तिजोरीच्या खोलीतला दुभाषी

आधी हा ड्रायव्हर म्हणजे कोण, ते पाहू. संगणकाचा सगळा कारभार विंडोज पाहते. परंतु प्रत्येक कारखान्यातून निघालेल्या कॅमेऱ्याची, प्रिंटरची, साउंड कार्डाची बोली तिला कुठून ठाऊक असणार? म्हणून प्रत्येक उपकरण आपल्याबरोबर आपला दुभाषी पाठवते. तोच ड्रायव्हर.

आता बँकेची एखादी शाखा डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाइके काउंटरच्या बाहेर उभी असतात. पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, गाणी ऐकण्याचा प्रोग्रॅम हे सारे असे बाहेरचे. त्यांतल्या एकाला भोवळ आली, तर तेवढ्यालाच बाहेर नेतात. बँक चालू राहते. बरेचसे ड्रायव्हर मात्र काउंटरच्या आत, थेट तिजोरीच्या खोलीत वावरतात. तिथे एकाचा जरी पाय घसरला, तरी नुकसान नको म्हणून विंडोज सारी शाखाच बंद करते. हाच तो प्रसिद्ध निळा पडदा, जो नव्या आवृत्तीत २०२५ पासून काळा झाला आहे. रंग कोणताही असो, न जपून ठेवलेले काम त्यात जाते ते जातेच.

म्हणूनच नको असलेला ड्रायव्हर ही निव्वळ अडगळ नव्हे. माळ्यावरचा मोडका पाट वर्षानुवर्षे पडून राहिला तर कोणाचे बिघडत नाही. पण तिजोरीच्या खोलीची किल्ली बाळगून रोज आत येणारा आणि कोणाच्याच माहितीतला नसलेला माणूस, हे प्रकरण वेगळे आहे.

शून्य ते चार

हे सारथी केव्हा यायचे, याचे एक हजेरीपुस्तक विंडोज ठेवते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे शून्यापासून चारपर्यंतचा एक आकडा असतो. ० म्हणजे यंत्र डोळे उघडण्याच्या आधीच आत येणारा. चकतीचा किंवा तिच्यावरच्या फाइलींचा कारभार पाहणारे या वर्गातले. १ म्हणजे विंडोजचा गाभा जागा होताना येणारा. २ म्हणजे त्यानंतर आपोआप येणारा. ३ म्हणजे हाक मारली तरच येणारा. आणि ४ म्हणजे ज्याला प्रवेशबंदी आहे असा.

इथे एक गंमत आहे. पुष्कळदा आपण पाहतो, तो उपद्रवी ड्रायव्हर ३ वर्गातला असतो. म्हणजे तो स्वतःहून येत नाही. त्याला कोणीतरी रोज हाक मारते! मग हाक मारणारा शोधावा लागतो. कधी ते खुद्द उपकरण असते. यंत्राला जोडलेले दिसले, की विंडोज त्याच्या दुभाष्याला बोलावते. कधी तो सुरुवातीलाच चालू होणारा एखादा प्रोग्रॅम असतो: पंख्याचा वेग दाखवणारा, रंगीत दिवे लुकलुकवणारा किंवा 'आपले यंत्र वेगवान करू' म्हणून आश्वासन देणारा. अशा वेळी ड्रायव्हर कितीदाही हाकला, तरी तो परत येणार. कारण निमंत्रण देणारा घरातच बसलेला आहे.

दुसरीही एक तक्रार नेहमी ऐकू येते. "डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन काढून टाकला, तरी पुन्हा चालू केल्यावर हजर!" यात भुताटकी काही नाही. विंडोज आपल्या कोठारात ड्रायव्हरांच्या प्रती जपून ठेवते. उपकरण जागेवर असेल, तर पुढच्या वेळी ते 'नवीन' म्हणून सापडते आणि कोठारातली प्रत पुन्हा बसवली जाते. लॅपटॉपमधला कॅमेरा किंवा ब्लूटूथ अशा अंगभूत वस्तूला गप्प बसवायचे असेल, तर तिला काढू नये; तिथेच 'डिसेबल' हा पर्याय असतो, तो निवडावा. घालवलेला पाहुणा परत येतो, पण बसवून ठेवलेला जागचा उठत नाही.

तीन अक्षरांचे शहाणपण

ज्यांनी १९९० च्या सुमारास संगणक हाताळला, त्यांना आठवत असेल, की तेव्हा हे सारे डोळ्यांसमोर चाले. डॉसच्या राज्यात 'कॉन्फिग डॉट सिस' नावाची एक साधी मजकुराची फाइल असे. तिच्या एकेका ओळीत एकेका ड्रायव्हरचे नाव. नेहमीच्या प्रोग्रॅमना मिळणारी स्मरणशक्ती अवघी ६४० किलोबाइट. तीत माऊसवाला बसवला तर सीडीवाल्याला जागा पुरत नसे. त्यामुळे घरात कोण येतो आणि किती जागा अडवतो, हे मालकाला तोंडपाठ असे.

१९९३ साली आलेल्या एम.एस.-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत तर एफ-८ ही कळ दाबली, की यंत्र एकेक ओळ वाचून विचारी, 'याला आत घेऊ का?' आपण हो किंवा नाही म्हणायचे. एखाद्याचा संशय आला, तर जाणते लोक ती ओळ खोडत नसत. तिच्या आधी 'आर.ई.एम.' ही तीन अक्षरे लिहीत. म्हणजे 'हा नुसता शेरा समजावा'. ओळ जागच्या जागी राही, पण मुकी होई. काही बिघडले, तर तीन अक्षरे पुसली की पूर्ववत.

पुढे १९९५ साली विंडोज ९५ आली आणि 'जोडा आणि वापरा' असा जमाना सुरू झाला. सोय झाली, यात शंका नाही. पण त्या सोयीबरोबर पाहुण्यांची यादी मालकाच्या नजरेआड गेली. मला जो तिसरा मार्ग सांगायचा आहे, तो म्हणजे हेच जुने तीन अक्षरांचे शहाणपण: आधी विचारा, मग मुके करा, काही दिवस पाहा आणि मगच काढा.

मास्तरांचे कुलूप

याचे एक उदाहरण देतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्या सुमारास अनेक घरांत नवी यंत्रे आली. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांकडेही आली. काही दिवसांतच त्यांनी मला हाक मारली. यंत्र चालू केले, की रोज एक चौकट येई. 'या यंत्रावर एक ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आणि खाली एका फाइलीचे नाव.

"आमच्या भाच्याने फोनवर उपाय सांगितलाय," मास्तर म्हणाले. "सेटिंगमध्ये मेमरी इंटिग्रिटी म्हणून काही आहे, ते बंद करा म्हणतो. करू का?"

"सर, थोडे थांबा," मी म्हणालो. "तो आपला रखवालदार आहे. दारावर कोणीतरी संशयास्पद आलाय, असे तो रोज ओरडून सांगतोय. ओरडतो म्हणून त्यालाच कामावरून काढायचे का?"

मेमरी इंटिग्रिटी ही खरोखर रखवालीच आहे. तिजोरीच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची ती कसून तपासणी करते. जुन्या पद्धतीने लिहिलेले किंवा ज्यांत चोरांना उपयोगी पडेल असे भोक आहे असे ड्रायव्हर ती दारातच अडवते. ती बंद केली की चौकट जाते, हे खरे. पण तिच्याबरोबर पहाराही जातो. आणि त्या यंत्रावर मास्तरांचे पेन्शनचे आणि बँकेचे व्यवहार चालत होते.

मग त्या फाइलीच्या नावावर उजवी टिचकी देऊन तिचे कूळ पाहिले. निघाले ते असे: मास्तरांकडे मराठी टंकनाचे एक जुने पॅकेज होते. त्याच्याबरोबर चोरटी नक्कल होऊ नये म्हणून एक हार्डवेअर लॉक, म्हणजे यंत्राच्या पाठीमागे खोचायचे एक छोटे कुलूप येई. हा ड्रायव्हर त्या कुलपाचा. नवे यंत्र आल्यावर मास्तरांनी हौसेने ते पॅकेज त्यावर बसवून पाहिले होते. ते चालले नाही, म्हणून काढूनही टाकले. पॅकेज गेले, कुलपाचा सारथी मात्र मागे राहिला.

आता सरळ काढून टाकायला काय हरकत होती? पण मी विचारले, "सर, त्या पॅकेजात काय काय लिहिले होते?"

मास्तर काही बोलण्याआधी काकूच आतून म्हणाल्या, "अहो, काय म्हणजे? शाळेच्या स्मरणिका, यांचे लेख, सगळे त्यातच! नव्यावर उघडले तर नुसती चिन्हे दिसतात."

हे महत्त्वाचे होते. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. ज्या पॅकेजात तो लिहिला, त्याच्याबाहेर तो अगम्य होतो. आणि कुलपाचा ड्रायव्हर नसेल, तर पॅकेज उघडत नाही. म्हणजे त्या बिनबोलावलेल्या सारथ्याच्या हाती मास्तरांच्या बारा वर्षांच्या लिखाणाची दोरी होती.

सुदैवाने जुना संगणक अजून माळ्यावर होता. तो खाली काढला. इंटरनेट न जोडता चालू केला. पाठीमागे कुलूप लावून सारे लेख उघडले आणि युनिकोडमध्ये बदलून पेन ड्राइव्हवर घेतले. चार संध्याकाळी गेल्या, पण सत्याऐंशी लेख सुखरूप नव्या यंत्रावर आले. मगच आम्ही त्या ड्रायव्हरकडे वळलो. प्रथम त्याला नुसते मुके केले. चौकट येणे बंद झाले. दोन आठवडे वाट पाहिली. काही अडले नाही. मग कुलूप बनवणाऱ्यांच्याच साधनाने तो रीतसर काढला. रखवालदार जागच्या जागी राहिला.

उपटून फेकले तर

रीतसर काढला, हे मी मुद्दाम म्हणतो. फाइल शोधून ती हाताने पुसणे किती महागात पडते, याचे एक गाजलेले उदाहरण २००५ सालचे अमेरिकेतले आहे. मार्क रसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे मोठे जाणकार. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी जाहीर केले, की सोनी बी.एम.जी. या कंपनीच्या गाण्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या, की त्यांतून एक लपलेला ड्रायव्हर यंत्रात शिरतो. 'एरीज' हे त्याचे नाव. गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून ती योजना होती. तो एका ठरावीक खुणेने सुरू होणारी प्रत्येक फाइल मालकापासून लपवून ठेवी. त्या योजनेतले ड्रायव्हर 'सेफ मोड'मध्येही हजेरी लावत. सेफ मोड म्हणजे संकटकाळी मोजक्या विश्वासू नोकरांनिशी यंत्र चालू करण्याची सोय. तीत हे कसे शिरले, हाच प्रश्न.

रसिनोविच यांनी ते ड्रायव्हर काढून टाकले, तर काय झाले? त्यांच्या संगणकातून सीडीचे साधनच नाहीसे झाले! कारण तो प्रकार सीडीच्या नेहमीच्या दुभाष्याच्या साखळीत एक कडी होऊन बसला होता. मधली कडी तोडली, साखळी तुटली. ते जाणकार होते, म्हणून त्यांनी हजेरीपुस्तकातली नोंद शोधून साखळी पुन्हा जोडली. आपल्यासारख्याने नवे साधन विकत आणले असते. प्रकरण इतके तापले, की नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

हा झाला लबाड पाहुणा. पण सज्जन पाहुणाही घर बंद पाडू शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा ड्रायव्हर मोठमोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत संरक्षणासाठी बसवलेला होता आणि यंत्र उठतानाच आत येत होता. त्या दिवशी त्याला नव्या माहितीची एक फाइल पाठवण्यात आली. तिच्यासाठी २१ रकाने अपेक्षित होते, पुरवले गेले २०. एकविसावा शोधण्यासाठी ड्रायव्हरने नको तिथे हात घातला आणि सुमारे ८५ लाख यंत्रे आडवी झाली. पुन्हा चालू करावे, तर तोच ड्रायव्हर तीच फाइल वाचणार आणि पुन्हा आडवे पडणार! भारतात तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजत होते. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय तोच जुना: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. परंतु ज्या यंत्रांची चकती बिटलॉकरने कुलूपबंद होती, तिथे आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधत बसावे लागले.

घरच्या घरी तपासणी

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी असा पाहुणा आला, तर क्रमाने पुढीलप्रमाणे करावे.

प्रथम किल्ली शोधून वहीत लिहून ठेवावी. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांची चकती मालकाच्या नकळत कुलूपबंद केलेली असते. तिची किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. यंत्र अडून बसल्यावर ती शोधण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर 'रिस्टोअर पॉइंट', म्हणजे आजच्या स्थितीची खूण करून ठेवावी आणि फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

मग पाहुण्याचे नाव टिपावे. विंडोज सिक्युरिटीतील 'डिव्हाइस सिक्युरिटी' या भागात मेमरी इंटिग्रिटी सापडते. ती एखाद्या जुन्या ड्रायव्हरमुळे चालू होत नसेल, तर तिथेच त्याचे नाव मिळते. नाव मिळाले, की त्याचा कर्ता कोण आणि तो कोणत्या वस्तूसाठी आला, हे पाहावे. डिजिटल सहीचा टोकन, हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमचे कुलूप, टी.व्ही. दाखवणारे कार्ड, काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष अशी मंडळी आपल्याकडे वारंवार भेटतात. घरात कोणाला ती वस्तू अजून लागते का, हे सर्वांना विचारावे. आपल्याला निरुपयोगी वाटलेला टोकन सूनबाईंच्या कचेरीचा असू शकतो.

लागत नसेल, तर ज्या प्रोग्रॅमबरोबर तो आला, तो सेटिंगमधून रीतसर काढावा. पुष्कळदा इथेच काम संपते. तरीही ड्रायव्हर येत राहिला, तर 'ऑटोरन्स' नावाचे साधन घ्यावे. तेही रसिनोविच आणि त्यांचे सहकारी ब्राइस कॉग्स्वेल यांचेच. मायक्रोसॉफ्टच्या स्थळावर फुकट मिळते. त्यात 'ड्रायव्हर्स' हे पान उघडावे आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची नावे लपवण्याचा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे भलत्यालाच हात लागत नाही. पिवळी ओळ दिसली, तर नोंद आहे पण फाइल नाही असे समजावे. गुलाबी दिसली, तर कर्त्याची सही किंवा ओळख पटलेली नाही. संशयिताच्या पुढची खूण फक्त काढावी. ओळ पुसू नये. हीच आजची 'आर.ई.एम.'ची तीन अक्षरे. खूण पुन्हा लावली, की सारे पूर्ववत. एका वेळी एकालाच हात लावावा आणि चकतीच्या किंवा कीबोर्डाच्या कारभाऱ्यांना मुळीच नाही.

यानंतर यंत्र 'रीस्टार्ट' करावे. नुसते 'शट डाउन' करून पुन्हा बटण दाबणे पुरत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून यंत्र लवकर उठावे म्हणून ते बंद होताना आपला गाभा, आतल्या ड्रायव्हरांसकट, गुंडाळून ठेवते आणि सकाळी तोच उलगडते. त्यामुळे काढलेला पाहुणा अजून आहेसा वाटतो किंवा झालेली दुरुस्ती झालीच नाहीसे भासते. कित्येकांचे दिवस या एका गोष्टीपायी वाया जातात.

यंत्र अडलेच, तर शिफ्टची कळ दाबून रीस्टार्ट निवडावे. पुढे दुरुस्तीच्या पर्यायांतून 'स्टार्टअप सेटिंग्ज'पर्यंत जावे आणि तिथे ४ हा आकडा दाबावा. सेफ मोड उघडतो. पडद्यापर्यंतही यंत्र येत नसेल, तर सलग काही प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचे पान ते आपणच पुढे करते. तिथून आपली खूण पुन्हा लावता येते किंवा रिस्टोअर पॉइंटकडे परतता येते. दोन आठवडे सारे सुरळीत चालले, की मग त्या ड्रायव्हरला खुशाल कायमचा निरोप द्यावा.

दिवाळीच्या आधी आपण माळा झाडायला काढतो, तेव्हा जाणती गृहिणी काय करते? हाताला लागेल ते भंगारात टाकत नाही. प्रत्येक वस्तू खाली आणते आणि विचारते, "ही कोणाची? कोणाला हवी आहे?" उत्तर मिळेपर्यंत ती गॅलरीत ठेवते. निम्म्या वस्तू शेवटी जातातच. पण एखाद्या पत्र्याच्या डब्यात आजोबांची पत्रे निघतात. यंदाच्या साफसफाईत घरच्या संगणकाचाही माळा एकदा याच रीतीने झाडावा. जो निरुपयोगी ठरेल, त्याला निरोप द्यावा; पण प्रश्न विचारल्यावाचून देऊ नये.